बाटलीवरचं नाव

मी एक जुनी शीतपेटी आहे. निळी, चौकोनी, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेली. आशाताई घरोघर फिरतात तेव्हा त्यांच्या काखेत तुम्ही मला पाहिलं असेल आणि बहुधा पाहताक्षणी पळही काढला असेल. मित्रांनो, त्याचा राग मी कधीच धरला नाही. जिच्या पोटातून लस निघते तिच्याजवळ कोणतं मूल आपणहून येईल?

माझा स्वभाव पहिल्यापासून काळजीखोर आहे. कारखान्यात साच्यातून माझं बाहेरचं अंग निघालं, मग आतलं निघालं, आणि दोन्हींच्या मध्ये फेस भरून तो घट्ट होऊ दिला. बाहेरची ऊब आत येऊ द्यायची नाही, आतली थंडी बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढंच मला शिकवलं गेलं. ज्याला एकच काम येतं त्याला त्या कामाची धास्ती फार असते. झाकण नीट बसलं का? बर्फाच्या पिशव्या विरघळल्या तर? रस्त्यात कुणी गप्पा मारत मला उन्हात ठेवलं तर? सगळे म्हणतात, पेटीला कसली आलीय काळजी. त्यांनी वैशाखात वाशिंदच्या डांबरी रस्त्यावरून माझ्यासारखं जाऊन पाहावं.

वाशिंदच्या पलीकडे, भातसा नदीच्या अंगाला असलेल्या एका गावच्या उपकेंद्रात मी आले. पोलिओच्या रविवारी माझा मोठा मान असे. सिस्टर मला सावलीत ठेवत, वरून ओलं फडकं टाकत, झाकण उघडं राहिलं तर एकमेकींना रागवत. एकदा तालुक्याच्या साहेबांनी आतला थंडावा तपासून मान डोलावली होती. ती शाबासकी मी अजून विसरलेले नाही. पुढे नव्या पेट्या आल्या आणि माझी जागा कपाटाच्या वर झाली. मग कुणीतरी सहलीला जाताना माझ्यात बर्फ घालून कोलंबी नेली. मित्रांनो, तो वास किती दिवस गेला नाही म्हणून सांगू! लाजेनं मी झाकण घट्ट मिटून बसले.

त्या अडगळीतून मला संजीवनीनं काढलं. संजीवनी ही आमची आशाताई. माहेर शेणव्याचं, सासर इथलं. चालताना तिचा एक पाय जरा जोरात पडतो, त्यामुळे मी तिच्या कमरेवर सारखी आपटते. तिनं मला साबणानं घासलं, उन्हात वाळवलं आणि म्हणाली, "आता तुला दुसरा काम हाय."

ते दुसरं काम नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपल्या रक्ताला लाल रंग देणारं एक प्रथिन असतं. पोटातल्या मोठ्या आतड्यात गाठ वाढत असेल तर ती कधी कधी गुपचूप रक्त गाळते. ते इतकं थोडं असतं की डोळ्यांना दिसत नाही. पण शौचाचा कणभर नमुना काडीनं छोट्या बाटलीत घातला, तर प्रयोगशाळेत ते प्रथिन ओळखता येतं. रक्त सापडलं म्हणजे कर्करोगच झाला असं मुळीच नाही. मूळव्याधीनंही सापडतं. पण सापडलं की पुढची तपासणी करायची, एवढा इशारा ते देतं. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी एका संस्थेनं आमच्या गावात ही तपासणी ठेवली होती.

यात माझं काम काय? तर ते प्रथिन उन्हानं मोडतं. मोडलं की चाचणीला ते ओळखू येत नाही आणि आजारी माणसाला 'तुम्हाला काही नाही' असा निरोप जातो. म्हणजे लस खराब झाली तर निदान फेकून तरी देतात. इथं माझी थंडी कमी पडली तर कुणाला कळणारही नाही. तेव्हापासून मला स्वस्थता म्हणून नाही.

गावात सरस्वतीबाई म्हणून धवलारीण आहेत. आगरी लग्नात धवले गाणारी, हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळे विधी पुढे होऊन करवणारी बाई म्हणजे धवलारीण. सरस्वतीबाईंचा आवाज खडा आहे. त्या मांडवात बसल्या की भटजीसुद्धा जरा सांभाळून बोलतात. आसपासच्या गावांतली लग्नं त्यांच्या सवडीनं ठरत. घरी मुलगा स्वरूप, तो वाशिंदच्या कारखान्यात जातो, आणि सून मनाली. तिशी नुकतीच ओलांडलेली, हसरी, कामाला चपळ.

संजीवनीनं आदल्या दिवशी बाटली देऊन सगळं समजावलं होतं. बाटलीवर सरस्वतीबाईंचं नाव लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला त्यांच्या ओटीवर ठेवलं आणि शेजारच्या घरी गेली. तेवढ्यात सासू-सुना ओटीवर आल्या.

"मनाली, ही घे. तुजा दे ह्याच्यात," सरस्वतीबाई म्हणाल्या.

"माझा? आई, नाव तर तुमचा हाय."

"नाव काय बोलतं? मना मोडाचा त्रास हाय. रगत दिसतं कवा कवा. त्यांच्या मशिनला तेच घावल. मंग गावभर होल, धवलारणीला रगत जातं. कोन मना मांडवात घेल?"

मित्रांनो, मोड म्हणजे मूळव्याध. आणि आमच्याकडे अजून कुठलंही रक्त म्हणजे विटाळ. ते कुठून आलं, का आलं, हे कुणी विचारत नाही. विटाळ असलेल्या बाईनं हळदीला हात लावायचा नाही. आणि सरस्वतीबाईंचं तर आयुष्यच हळदीत गेलेलं.

"पण आई, ताईला कळला तर?"

"कोन सांगतंय? तू जवान पोर, तुला काय झालाय? जा गो."

मनाली परसात गेली. परत आली, पदरानं बाटली पुसली आणि माझं झाकण उघडून आत ठेवली. तिचे डोळे मला दिसले. सासूचा शब्द मोडायची तिला सवय नव्हती, पण खोट्याचीही नव्हती.

संजीवनीनं मला उचललं आणि आम्ही निघालो. ऊन रणरणत होतं. माझ्या झाकणाची रबरी पट्टी एका कोपऱ्यात झिजलेली आहे, त्या कोपऱ्यातून ऊब आत शिरते हे मला माहीत आहे. वाटेत एकदा मनात आलं की खोट्या नावाच्या बाटलीसाठी कशाला एवढा जीव टाकायचा? पण माझं अंग माझं ऐकत नाही. ते थंडी धरून बसलं. वाशिंदला पोहोचलो तेव्हा बर्फ अजून टणक होता.

काही दिवसांनी निकाल आला. सरस्वतीबाईंच्या नावाच्या बाटलीत रक्त सापडलं होतं.

संजीवनी ते सांगायला गेली तेव्हा मी तिच्या खांद्यावर होते. स्वरूप घरी होता. त्याचा चेहरा एकदम उतरला. "आई, मी सुट्टी टाकतो. कल्याणला जाऊ, दुर्बिणीनं तपासून घेऊ."

सरस्वतीबाईंनी सुनेकडे पाहिलं. मनालीनं खाली पाहिलं.

"लगीनसराई होऊ दे," सरस्वतीबाई म्हणाल्या. "मना दोन ठिकाणी शब्द दिलाय. मोडाचाच हाय तो, दुसरा काय नाय."

"मावशी, मोडाचा हाय का दुसऱ्याचा हाय, ते बघूनच ठरतं," संजीवनी म्हणाली. स्वरूप तिला डॉक्टरांबद्दल विचारत बाहेर रस्त्यापर्यंत गेला आणि बोलताना तिनं खाली टेकवलेली मी ओटीवरच राहिले.

मनाली हळू आवाजात म्हणाली, "पाळी जवळ आलेली तेव्हा. त्याचाच असल, नाय?"

"तेच," सरस्वतीबाई म्हणाल्या. "तेच असल."

दोघींनी ते इतक्या चटकन मान्य केलं की मला भीती वाटली. आता काय होणार ते मला स्पष्ट दिसत होतं. आज ना उद्या स्वरूप आईला कल्याणला नेणार. तिथं त्यांची तपासणी होणार, मूळव्याध निघणार, सगळे सुटलो म्हणून पेढे वाटणार. आणि जिच्या पोटातून ते रक्त आलं होतं ती पाण्याचे हंडे उचलत राहणार. हे माहीत असलेल्या दोन बायका गप्प होत्या आणि तिसरी मी. मला आवाज एकच आहे, झाकण उघडताना येतो तेवढा. त्याचा अर्थ कुणाला लागणार?

पुढचे दिवस मी फार वाईट काढले. संजीवनी कधी रिकाम्या बाटल्या वाटायला, कधी नमुने गोळा करायला त्यांच्या घरावरून जायची, पाणी प्यायला थांबायची. प्रत्येक वेळी मनाली मला जरा फिकट दिसायची. जिना चढताना मध्येच थांबायची. एकदा पाण्याचा तांब्या देताना तिनं विचारलं, "ताई, हा आजार तरण्या बायकांना होतो का?"

"कुणालाही होतो. वयानं धोका वाढतो, पण तरण्यांनाही होतो. का गं?"

"असाच विचारला."

संजीवनीच्या मनात त्या वेळी कुणा गरोदर बाईची नवी नोंद, कुणाचं बाळंतपण, असं काहीबाही चाललं असावं. तिनं तांब्या परत दिला आणि मला उचललं. मी मनातल्या मनात ओरडत होते, थांब बाई, आणखी एक प्रश्न विचार. ती थांबली नाही.

मग ती सकाळ आली. गावातच एक लग्न होतं आणि मांडवात जात्यावर मुहूर्ताची हळद दळायला बायका जमल्या होत्या. संजीवनीला आमंत्रण होतं, म्हणून नमुने पोहोचवून ती मला खांद्याला लावूनच तिथं गेली. आंब्याचे टहाळे बांधलेले, जात्याला सूत गुंडाळलेलं, आणि सरस्वतीबाई जात्याशेजारी बसून धवला म्हणत होत्या. मागून बायका ओळ उचलत होत्या. खरं सांगते, त्यांचा आवाज ऐकून क्षणभर मीही काळजी विसरले.

मनाली हळकुंडांचं सूप घेऊन येत होती. मांडवाच्या मधोमध तिची पावलं अडखळली. तिनं सूप आधी नीट खाली ठेवलं, एकही हळकुंड सांडू दिलं नाही, आणि मग खांबाला धरून खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. "उन्हानं झाला," असं ती कुणाला तरी म्हणाली. एका बाईनं तिला गुळाचा खडा दिला.

सरस्वतीबाई गायच्या थांबल्या.

धवला सुरू झाला की तो मध्ये सोडत नाहीत. बायका पुढच्या ओळीची वाट पाहत राहिल्या. जातं थांबलं. नवऱ्यामुलाची आई घाबरून म्हणाली, "मावशी, म्हना ना पुढं." सरस्वतीबाई उठल्या. गुडघ्यावर हात देत, बायकांमधून वाट काढत त्या संजीवनीसमोर येऊन उभ्या राहिल्या. मी तिच्या कमरेला होते, त्यांचा हात माझ्या झाकणावर पडला. 

"संजीवनी, ती बाटली माझी नवती."

"कुठली बाटली, मावशी?"

"रगत सापडला ती. ती मनालीची होती. मी तिला द्यायला लावली. माझा नाव नि तिचा रगत."

संजीवनीनं विचारलं, "पण का?"

"मनाही रगत जातं. वरीस झाला." हे त्या हळू बोलल्या नाहीत. मांडवात बोलायचा त्यांचा जो आवाज होता त्याच आवाजात बोलल्या. "कुणाला कळू नये म्हनून मी पोरीला पुढं केली. आता तिला बघ. आजच बघ. मी घरी जाते, बायांनो. हळद दुसऱ्या कुणाकडून दळून घ्या."

आणि त्या मांडवातून चालत गेल्या. कुणी त्यांना थांबवलं नाही. मला त्या बायकांचा राग आला आणि सरस्वतीबाईंचाही आला, पण त्या पाठमोऱ्या बाईला हाक मारावी असंही फार वाटलं.

त्यानंतर धावपळ झाली. कल्याणला मनालीच्या आतड्यात दुर्बिणीची नळी घालून पाहिलं, तिथं गाठ होती. तिचा तुकडा तपासला तेव्हा तो कर्करोग निघाला. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. उपकेंद्रात संजीवनी सिस्टरला सांगत होती तेव्हा ऐकलं. स्वरूप कितीतरी दिवस आईशी बोलला नाही. तो जेवायला बसे तेव्हा त्या ओटीवर जाऊन बसत.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी मनालीचं रक्त तपासलं होतं. सी.ई.ए. नावाचं आणखी एक प्रथिन असतं. आईच्या पोटातल्या बाळात ते पुष्कळ असतं आणि जन्मानंतर अगदी थोडं उरतं. आतड्यात गाठ वाढली तर काहींच्या रक्तात ते पुन्हा चढतं. त्या एका आकड्यावरून रोग ठरत नाही. विडी ओढणाऱ्याचाही तो चढतो, आणि कुणाचा गाठ असूनही चढत नाही. पण मनालीचा चढलेला होता. डॉक्टर म्हणाले, गाठ काढल्यावर तो उतरायला हवा. उतरला नाही तर काहीतरी मागे राहिलं असं समजायचं. आणि उतरलेला पुन्हा चढू लागला, तर लगेच शोध घ्यायचा. म्हणून ठरावीक काळानं तो तपासायचा, आणि दर वेळी एकाच प्रयोगशाळेत, कारण वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

गाठ निघाली. यकृतात काही पसरलेलं नव्हतं. आकडा उतरला. मग औषधाच्या सुया सुरू झाल्या आणि त्यांनी मनाली पार दमून गेली. त्या औषधानं तिला थंड वस्तूला हात लावता येईना. बोटांना झिणझिण्या येत, गार पाणी घशाला टोचे. एकदा तिनं सवयीनं मला बाजूला सरकवायला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मित्रांनो, थंडी हेच माझं सगळं भांडवल. त्या दिवशी मला माझ्याच थंडीची लाज वाटली. तेव्हापासून सरस्वतीबाई मला उचलून दूर ठेवत.

त्या हंगामात त्यांना पुन्हा कुठल्याही मांडवातून बोलावणं आलं नाही. त्याबद्दल त्या बोलल्या नाहीत. सुनेची पेज, सुनेची औषधं, सुनेला उपकेंद्रात आणणं-नेणं, यातच त्यांचा दिवस जाई. पण मला आता दुसरीच काळजी पोखरत होती. स्वतःला रक्त जातं हे त्यांनी भर मांडवात सांगितलं होतं, आणि सगळ्यांच्या लक्षात राहिला तो फक्त विटाळ. तपासणीचं काय? संजीवनीनं नवी बाटली त्यांच्या नावानं केव्हाच दिली होती. विचारलं की उत्तर ठरलेलं, "आधी पोरीचा होऊ दे."

असे महिने गेले. कधी वाटे, मूळव्याधच असेल. बहुतेकांची तीच असते. मग आठवे, मनालीबद्दलही त्यांनी हेच ठरवून टाकलं होतं.

काल मनालीच्या रक्तासाठी ठरलेला दिवस होता. मागच्या खेपेला तिचा आकडा किंचित वाढला होता. डॉक्टर म्हणाले होते, एवढ्यानं घाबरायचं नाही, पुन्हा बघू. घाबरायचं नाही असं सांगितलं की माणसं किती घाबरतात ते मी उपकेंद्रात रोज पाहते. बाकावर इतर बायका बसल्या होत्या. सिस्टरनं सुई काढली, पट्टा हातात घेतला. मनालीनं पुढे केलेला हात मागे घेतला.

"आई, तुमची बाटली कुठं हाय?"

"घरी हाय. आधी तुजा होऊ दे गो."

"नाय. तुमची आली का मंगच माझा हात."

"मनाली, टाइम नको घालवू. आकडा वाढलाय तुजा."

"म्हनूनच सांगते." तिचा आवाज बारीक होता पण ती हटली नाही. "तुमी बोललात म्हनून मी वाचले. आता तुमी गप बसून मेलात तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू? सासूचा ऐकला मी एकदा. आता सुनेचा ऐका."

सरस्वतीबाईंनी संजीवनीकडे पाहिलं, ती मुद्दाम माझा पट्टा नीट करत राहिली.  सिस्टर म्हणाली, "बरं, दोघींचं उद्या घेऊ."

काल दिवसभर मला चैन पडलं नाही. त्या येणार नाहीत, काहीतरी सबब निघेल, मनालीही हट्टानं रक्त देणार नाही आणि तिचा आकडा तसाच अंधारात वाढत राहील, असं काय काय मनात येत होतं.

आज सकाळी त्या आल्या. बाटली पदराखाली नव्हती, उघड्या मुठीत होती. सिस्टरनं नेहमीप्रमाणे विचारलं, "नाव?"

"सरस्वती. धवलारीण. माझीच हाय," त्या म्हणाल्या.

मनालीनं हात पुढे केला आणि तिच्या रक्ताची नळी भरली. दोन्ही नमुने संजीवनीनं माझ्यात ठेवले आणि झाकण लावलं. आता आम्ही वाशिंदच्या वाटेवर आहोत, तिथून मनालीची नळी तिच्या ठरलेल्या प्रयोगशाळेत जाते. एका नमुन्यात आकड्याचा चढउतार कळेल, दुसऱ्यात रक्त आहे की नाही ते कळेल. चांगलं कळेल की वाईट, ते मला माहीत नाही.

मित्रांनो, मी एक साधी पेटी. तुम्हाला शिकवण्याइतकी मी मोठी नाही, पण विनंती करते. तुमच्या घरात कुणी शौचावाटे रक्त जातं म्हणून लपवत असेल, कुणी वाळत असेल, दमत असेल, तर त्यांना विटाळ म्हणू नका आणि मूळव्याध म्हणून गप्पही बसवू नका. त्यांचा हात धरून दवाखान्यात न्या. आणि आशाताई उन्हातून माझ्यासारखी पेटी घेऊन येताना दिसल्या, तर त्यांना सावलीत बसू द्या. पाणी विचारा. आत कुणाचं काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं.

ऊन वाढत चाललं आहे. झिजलेल्या कोपऱ्यातून ऊब आत येऊ लागली आहे आणि संजीवनीनं त्यावर आपला रुमाल दाबून धरला आहे. माझ्यातली दोन्ही नावं आज खरी आहेत. आता मला फक्त थंडी सांभाळायची आहे.